कानसीचे दोन हात

यशवंत घोलप यांचा गुडघा परत आला तो पुठ्ठ्याच्या खोक्यातून. वर पत्ता सुवाच्य अक्षरात, आत वर्तमानपत्राचे बोळे, आणि कृत्रिम पायाच्या टोकाला अजून मोजा. राखाडी, टाचेवर विरलेला. मी मोजा काढला, त्याची घडी घातली आणि कुठे ठेवायचा ते न सुचल्यामुळे टेबलाच्या खणात ठेवून दिला. मग गुडघ्यावर कोरलेला क्रमांक वाचून कोठारात घातला. चार हजार चारशे सतरा.

घोलप बांबवड्याच्या शाळेत भूगोल शिकवायचे. शाळेच्या फाटकापाशी छोटासा उतार आहे. मधल्या सुट्टीत ते त्या उतारावरून खाली येत होते. पाऊल टेकल्यावर जो गुडघा खटकन अडकायला हवा, तो अडकला नाही, दुमडला. डोकं फाटकाच्या दगडावर आपटलं. सहाव्या दिवशी ते गेले. बावन्न वर्षांचे होते.

मला रडू आलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे कुणाला वाटेल की ही बाई आतल्या आत रडत असणार. तसं काही नव्हतं. दाताच्या डॉक्टरकडून आल्यावर ओठ आपला असतो आणि नसतोही, तशी मी सगळीच्या सगळी झाले होते. चहा प्यायले, मेल वाचले, कुणी तरी विनोद केला त्यावर हसलेही.

कोठार म्हणजे आमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर. त्याचं खरं नाव लांबलचक आहे आणि ते कुणाला पाठ नाही. शिरोलीच्या एमआयडीसीत आम्ही 'चाल' नावाचा कृत्रिम गुडघा बनवतो. त्याचा प्रत्येक नट, प्रत्येक स्प्रिंग, प्रत्येक ड्रॉइंग या एकाच ठिकाणी साठवलेलं असतं आणि ते सांभाळायचं काम माझं. म्हणून मला सगळे कोठारीणबाई म्हणतात. खरं नाव वैजयंता तिवले.

कोठाराआधी काय होतं ते आमच्या आप्पांना विचारावं. आप्पा म्हणजे माझे वडील, बाळासो तिवले, याच कंपनीत एकतीस वर्षं फिटर. त्यांच्या काळात एकाच भागाची ड्रॉइंगं पाच ठिकाणी असायची. एक डिझाइनरच्या संगणकात, एक खरेदीवाल्याच्या मेलमध्ये, एक माल पुरवणाऱ्याच्या मोबाइलमध्ये, एक भिंतीला चिकटवलेलं आणि एक कुणाच्या तरी डोक्यात. फाइलींची नावं 'फायनल', 'फायनल दोन', 'नक्की फायनल' आणि 'साहेबांनी बघितलेलं फायनल'. एकदा जुन्या ड्रॉइंगवरून दोनशे ब्रॅकेट तयार झाले आणि सगळे भंगारात गेले. ते कुणाच्या चुकीमुळे, यावर आठवडाभर भांडण चाललं होतं आणि शेवटी सगळ्यांनीच हात वर केले.

कोठाराने ते भांडण संपवलं. एक भाग, एक क्रमांक, एकच चालू आवृत्ती. बदल करायचा तर कुणी, कधी, का, हे लिहूनच करायचा. इथून काहीही पुसलं जात नाही. हे सगळं जुनंच आहे, पंधरा-वीस वर्षांपूर्वीही मोठ्या कंपन्यांत होतं. नवं झालं ते गेल्या सात वर्षांत. बेंचवर कॅमेरे बसले, यंत्रं आणि बोल्ट आवळायचे पाने कोठाराला जोडले गेले, आणि खुद्द गुडघ्यात तांदळाएवढा सेन्सर आला. तो प्रत्येक पावलाची खबर परत पाठवतो. म्हणजे पहिल्या रेघेपासून ते कुणाच्या तरी घराच्या पायरीपर्यंत एका गुडघ्याचा सगळा जन्म कोठाराला ठाऊक असतो. विकल्यावरही त्याची घडण थांबत नाही. आणि कारखान्यात एखाद्या हाताने चालू आवृत्तीत नसलेलं काही केलं, की त्या बेंचवर लाल दिवा लागतो आणि माझ्या पडद्यावर ओळ येते: अनोंद कृती.

चार हजार चारशे सतरा क्रमांक घातल्यावर कोठाराने उत्तर द्यायला चार सेकंद घेतले.

गुडघ्यात एक खिटी असते. पाऊल टेकलं की ती खाचेत बसते आणि गुडघा भार पेलतो. ग्राइंडिंगनंतर या खिटीच्या एका कडेवर धातूचा पापुद्रा उलटून बसतो, केसापेक्षा कितीतरी बारीक. आमचा स्कॅनर प्रकाशाने मोजतो. चकचकीत धातूवर प्रकाश इकडेतिकडे उडून खोटे टोकदार ठिपके उमटतात, म्हणून असे एकटेदुकटे ठिपके गाळून टाकायला त्याला शिकवलेलं आहे. त्या गाळणीत पापुद्राही गाळला जायचा आणि पडद्यावर कड गुळगुळीत दिसायची. दहा-अकरा लाख पावलांनंतर पापुद्रा तुटतो आणि खाचेत जाऊन बसतो. मग खिटी पूर्ण आत जात नाही. घोलप चौदा महिने चालले होते. हिशेब बरोबर होता.

त्याखाली कोठाराने लिहिलं होतं:

'आवृत्ती जी मध्ये हा दोष नव्हता. आवृत्ती एच पासून बेंच सहावरील हातकाम काढले. काढण्यास मंजुरी: वैजयंता बाळासो तिवले. कारागीर: बाळासो ज्ञानू तिवले. कारागिराने दिलेले कारण: नोंद नाही. याच आवृत्तीचे वापरात असलेले गुडघे: दोन हजार नऊशे अकरा.'

मी ते दोनदा वाचलं. मग त्या सगळ्या लोकांना जाणारा संदेश तपासला: काठी घेऊनच चाला, उतार आणि पायऱ्या टाळा, आम्ही बोलावतो आहोत. त्यातली शुद्धलेखनाची एक चूक दुरुस्त केली आणि पाठवून दिला.

दीड वर्षापूर्वी बाहेरची तपासणी यायची होती आणि माझ्या पडद्यावर सत्त्याण्णव अनोंद कृती होत्या. कुणी बोल्ट घट्ट करण्याआधी तेलाचं बोट लावायचा, कुणी स्प्रिंग बसवण्यापूर्वी एकदा दाबून बघायचा. प्रत्येकाकडे जाऊन मी कारण विचारत होते. कोठारात कारणांची बारा खणांची यादी आहे. त्यातलं एक निवडलं, मोजमाप जोडलं, की कृती आवृत्तीत जाते. बारावा खण आहे 'वैयक्तिक सवय'. तो निवडला की कृती बाद होते.

दुपारपर्यंत मी शहाण्णव निकालात काढल्या. मला त्याचा आनंद होत होता, खोटं कशाला बोलू? रिकामी यादी पाहण्याचा एक आनंद असतो. शेवटची ओळ बेंच सहाची होती: खिटीच्या कडेवर कानसीचे दोन हात.

आप्पा मान वर न करता म्हणाले, "हे लाल दिवं माझ्या डोक्यावर तूच लावलंयस न्हवं?"

"आप्पा, ही कानस कशासाठी मारता? ड्रॉइंगमध्ये नाही ती."

"कड टोचतीया."

"टोचते हे कारण यादीत नाही."

"मग घाल की यादीत. तुझीच हाय न्हवं यादी?"

मी हसले. स्कॅनरचं मोजमाप त्यांना दाखवलं. कड बरोबर, माप बरोबर, सगळं हिरवं. आप्पांनी चष्मा वर करून पडदा पाहिला आणि "बरं" म्हणाले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आप्पांच्या उजव्या अंगठ्याचं नख वाढवलेलं असायचं. कुठलीही कड ते नखाने पाहायचे. घरातल्या ताटांच्या कडा, डब्यांची झाकणं, माझ्या शाळेतल्या कंपासपेटीची बिजागरी. नख अडलं की कानस काढून दोन हात मारायचे. आई वैतागायची, नवीन डबा आणला की आधी यांच्यापासून लपवून ठेवायची. मी हे जन्मापासून बघत आले. दुसरा कुणी फिटर असता तर मी खोदून खोदून विचारलं असतं. पण हे आप्पा होते. यांची सवय मला ठाऊक होती. मी बारावा खण निवडला.

तीन महिन्यांनी ते निवृत्त झाले. निरोपाला शाल दिली, फोटो काढला.

आता श्रीखंडे साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते आमचे उत्पादनप्रमुख, कधी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशीही चढवला नाही.

"तिवले मॅडम, घोलपांच्या अपघाताचा अहवाल उद्या संध्याकाळी पाचला बंद होतो. एकदा बंद झाला की कुणालाच उघडता येत नाही. मी त्यात एकच वाक्य घालतोय. कारागिराने कारण सांगितलं नाही."

"सांगितलं होतं, सर."

"कोठारात नोंद नाही."

"कारण मी केली नाही. त्यांनी मला तोंडी सांगितलं होतं, कड टोचते म्हणून."

"पुरावा?"

"मी ऐकलंय."

ते थोडा वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले. "तुम्ही त्यांची मुलगी आहात. वडिलांना वाचवायला बोलताय, असंच कुणीही म्हणणार. आणि एक लक्षात घ्या. अहवालाची प्रत घोलपांच्या घरी जाते, आता कायदाच आहे तसा. त्यांच्या पत्नी वाचणार. त्यात एक नाव असणार. तुमचे वडील घरी बसलेत, त्यांचं काय जाणार आहे? तुमच्यापुढे वीस वर्षं आहेत."

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. "बघते," म्हणाले. त्या दिवसांत मी सगळ्यालाच 'बघते' म्हणत होते.

उचगावला घरी पोचले तेव्हा अजून उजेड होता. आप्पा अंगणातल्या खुर्चीवर बसले होते, मांडीवर टॉवेल, दोन्ही हात टॉवेलखाली. समोर आईने घेवडा निवडायला ठेवला होता, त्याला हातही लावलेला नव्हता. घोलप मास्तर गेल्याची बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती. मी पायरीवर बसले आणि बाकीचं सगळं सांगितलं, श्रीखंडे साहेबांच्या शब्दांसकट.

"लिहू दे की," आप्पा म्हणाले.

"काय लिहू दे?"

"मी बोललोच न्हाई म्हणून. मी सही करतो. माझं आता काय व्हायचंय? तुझं बघ."

"त्यांची बायको वाचणार आहे, आप्पा. तुमचं नाव वाचणार. जन्मभर म्हणणार, या माणसामुळे."

गेटबाहेरून एक रिक्षा गेली.

"मास्तरांची मुलं किती मोठी हायत?" त्यांनी विचारलं.

"एक मुलगी. बारावीला."

"मी जाऊन पाया पडून येतो त्यांच्या."

"तुम्ही कशाला? तुम्ही तर सांगितलं होतंत."

"सांगितलं. पर पुन्यांदा न्हाई सांगितलं." ते टॉवेलखालचे हात बघत म्हणाले, "तू पडदा दाखवलास, सगळं हिरवं. मला वाटलं, एवढी शिकलीया, हिला कळत असंल. पोरीपुढं कशाला आडमुठेपणा करायचा? तिथं दुसरा सायब असता तर भांडलो असतो."

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं. ते कुठे तरी लांब, दुसऱ्या कुणाला तरी वाटत असावं. मी घेवड्याचं ताट ओढून शिरा काढायला लागले आणि सगळा घेवडा निवडून झाला तरी उठले नाही.

सकाळी ऑफिसात गेले आणि कोठारातून मंजुरीच्या त्या दिवसाचं बेंच सहाचं चित्रीकरण काढलं. कॅमेऱ्यांना आवाज नाही. युनियनने भांडून तो बंद करून घेतला होता. तेव्हा मी युनियनच्या बाजूने होते, आता मला आवाज हवा होता. निदान आप्पांचे ओठ हलताना दिसले तर, एवढीच आशा.

वरून घेतलेलं चित्र. आप्पांचं टक्कल, माझा भांग, मधे ट्रेमध्ये खिट्या. ओठ दिसत नव्हते. मी पडदा दाखवताना दिसले, आप्पांनी चष्मा वर केला. मला आठवत होतं तेवढं सगळं झालं. मी बंद करणार होते.

पण चित्र संपलं नव्हतं. आप्पांनी ट्रेमधून एक खिटी उचलली, कानस न लागलेली. माझा उजवा हात हातात घेतला, लहानपणी पेन्सिल धरायला शिकवताना घ्यायचे तसा, आणि माझ्या अंगठ्याचं नख त्या कडेवरून ओढलं. नख अडलं. अंगठा पुढे घसरला. मी हात झटकन मागे घेतला आणि अंगठा तोंडात घातला.

चार सेकंद. मग मी अंगठा तोंडातून काढला, ओढणीला पुसला, आणि त्याच अंगठ्याने टॅबलेटवर बारावा खण दाबला.

मी ते परत पाहिलं. मग आणखी एकदा. विसरले होते असं म्हणायला जागा आहे आणि ते खोटंही नाही. पण मला कारण समजलं नव्हतं असं म्हणायला आता जागा नव्हती. आप्पांनी सांगितलं, दाखवलं, मला लागलं, आणि मला ती यादी रिकामी करायची होती. एवढंच झालं होतं. घोलपांचा मोजा खणात होता, मी खण उघडला नाही.

साडेअकराला मी अहवाल उघडला आणि 'कारागिराने दिलेले कारण' इथे लिहिलं: 'कड टोचते, असे कारागिराने तोंडी सांगितले व मंजुरी देणाऱ्या व्यक्तीच्या हाताला प्रत्यक्ष दाखवले. मंजुरी देणाऱ्या व्यक्तीला ते लागले. तरीही तिने नोंद केली नाही.'

कोठाराने विचारलं: 'किती? मूल्य मायक्रॉनमध्ये भरा.'

रिकामं ठेवलं तर पुढे जाईना. शून्य घातलं असतं तर गेलं असतं, पण बारावा खण दाबून ते शून्य मी एकदा घालून बसले होते. शेवटी आकड्याच्या जागी ते चार सेकंदांचं चित्रीकरण जोडलं. कोठाराने थोडा वेळ घेतला आणि मान्य केलं. मग 'जबाबदार व्यक्ती' या ओळीत मी एकच नाव राहू दिलं.

श्रीखंडे साहेब दहा मिनिटांत आले. पहिल्यांदाच ते माझ्या टेबलापाशी आले होते. "हे काय लिहिलंय ते कळतंय ना तुम्हाला?"

"हो, सर."

"पोलीस विचारतील. तुमचा मंजुरीचा अधिकार मला आज काढावा लागेल. पुढचं माझ्याही हातात नाही."

"हो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, मला बरं नाहीये की काय असं पाहिलं. मग स्वतःच खुर्ची ओढून बसले. खरं तर त्यांच्यापुढे दुसरीच अडचण होती. दोन हजार नऊशे अकरा गुडघे परत येणार होते, पहिले चाळीस येऊन पडलेही होते. स्कॅनरची नवी गाळणी तयार व्हायला चार महिने. तोवर कुठल्या खिटीला पापुद्रा आहे आणि कुठल्या नाही, हे सांगू शकणारी वस्तू कंपनीत एकही नव्हती. कंपनीबाहेर एक होती. साहेबांनी आप्पांना स्वतः फोन केला.

आप्पा तीन वाजता आले. निरोपाची शाल घेऊन ज्या गेटमधून बाहेर पडले होते, त्याच गेटवर त्यांना पाहुण्याचा पास गळ्यात घालावा लागला. बेंच सहावर ते बसले, ट्रे पुढे ओढला आणि मग हात बेंचवर ठेवला. तेव्हा मी त्यांचा अंगठा पाहिला. नख मुळापासून कापलेलं होतं.

"आप्पा, हे कधी?"

"मास्तर गेल्याचं कानावर आलं त्या दिवशी. म्हटलं, आता कशाला पायजे."

पन्नास वर्षं सांभाळलेलं नख. मी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी माझ्याकडे. पुन्हा वाढायला दोन महिने तरी लागणार, आणि तिकडे दोन हजार नऊशे लोक काठ्या धरून घरात बसलेले.

"तुझं हाय की," आप्पा म्हणाले. "आण हात."

त्यांनी माझा हात धरला. पहिली खिटी घेतली, नख कडेवरून ओढलं. मला काही कळलं नाही.

"काय?"

"काही नाही."

"परत."

दुसरी. तिसरी. मला धातू कळत नव्हता, कड कळत नव्हती, आप्पांचा हात गरम आहे की गार, तेही कळत नव्हतं. घड्याळात चार वाजले, मग साडेचार. पाचला अहवाल बंद झाल्याची सूचना आली. आता तो बांबवड्याला जाणार. माझं नाव घेऊन.

"तिकडं बघू नगं," आप्पा म्हणाले. "हितं बघ. परत."

अकराव्या खिटीवर नख अडलं. अंगठा पुढे घसरला आणि कडेने चामडी कापली. बारीक, नेमकी कळ आली, खांद्यापर्यंत गेली. मी हात मागे घेणार होते. घेतला नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते ट्रेमध्ये पडू नये म्हणून मी मान वळवली.

"लागलं?" आप्पांनी विचारलं.

"लागलं."

"मग लिही."